व्हिटॅमिनची गोळी

(आपल्या मंचाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आपल्या बैठकीत सहसा मोठ्या विषयांवर बोलणं होतं. आज मी स्वयंपाकघरातल्या एका कपाटाबद्दल बोलणार आहे. वरच्या फळीवर, डाळींच्या डब्यांमागे, पाहुण्यांची नजर जाणार नाही अशा जागी आम्ही दोन वर्षं एक बाटली ठेवत होतो. बाटलीवर लेबल होतं लहान मुलांच्या व्हिटॅमिनचं. आत होत्या मिथाइलफेनिडेटच्या कॅप्सूल. रिटॅलिनमध्ये जे औषध असतं तेच, फक्त दहा-बारा तास हळूहळू सुटणारं.

ज्याच्यासाठी ती बाटली होती तो आता पंधरा वर्षांचा आहे. त्याला विचारूनच मी इथे उभी आहे. त्याने दोन अटी घातल्या. नाव घ्यायचं नाही, आणि ‘बिचारा’ हा शब्द वापरायचा नाही.

तेव्हा तो सात वर्षांचा होता, दुसरीत. बाईंचा प्रश्न संपायच्या आत उत्तर ओरडायचा. रांगेत पुढच्याला ढकलायचा आणि तो पडला की स्वतःच रडायचा. मुद्दाम काही नव्हतं. हात आधी जायचा, विचार मागून यायचा. एकदा पार्किंग लॉटमध्ये माझा हात सोडून चेंडूमागे पळाला. मागे येणाऱ्या गाडीचा ब्रेक वेळेवर लागला म्हणून आज मी हे हसत सांगू शकते. त्या रात्री नवरा आणि मी पहिल्यांदा एकमेकांशी खरं बोललो. तोपर्यंत ‘मुलगेच ते, असायचेच’ यावर आमचं भागत होतं.

निदान झालं. घरचे आणि शाळेचे फॉर्म भरून झाले, वागणुकीचं प्रशिक्षण सुरू झालं. ते मुलाचं नसतं बरं का, आईबापांचं असतं. सहा वर्षांवरच्या मुलांसाठी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना औषध आणि हे प्रशिक्षण दोन्ही सुचवते. त्याहून लहान असेल तर आधी प्रशिक्षण. आम्ही दोन्ही केलं. औषधाने फरक पडला, आणि तो पहिल्याच आठवड्यात दिसला. बाईंनी चिठ्ठी पाठवली, आज त्याने हात वर करून वाट पाहिली. ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे.

हे औषध काही कालपरवाचं नाही. १९३७ साली ऱ्होड आयलंडमधल्या एका बालरुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी तीस मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक दिलं, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी शाळेच्या अभ्यासात एकदम सुधारली. मिथाइलफेनिडेट १९४४ सालचं, स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीतलं. बनवणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाच्या बायकोचं नाव मार्गरीट, लाडाने रीटा. तिच्यावरून रिटॅलिन. असो.

मग झोप गेली. साडेनवाला झोपणारं पोर अकरा वाजले तरी छताकडे बघत पडलेलं. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी उतावळेपणा वाढायचा. तो वाढला की आम्हाला वाटायचं डोस कमी पडतोय. डोस वाढवला की झोप आणखी लांब जायची. या चक्रात आम्ही चार महिने फिरलो.

आता माझ्या लाजेची गोष्ट. मी प्रयोगशाळेत काम करते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं स्थिर ठेवायचं, हे मी विद्यार्थ्यांना रोज सांगते. घरी मात्र एकाच आठवड्यात आम्ही डोस वाढवला, झोपायची वेळ बदलली, टीव्ही बंद केला, साखर बंद केली आणि दुकानातून मेलाटोनिनच्या गमी आणल्या. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘नेमकं काय बदललंत?’’ मी म्हटलं, ‘‘सगळंच.’’ त्यांनी पेन खाली ठेवलं.

साखरेबद्दल थोडं सांगते, कारण आपल्या प्रत्येक वाढदिवसाला हा विषय निघतो. १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ‘साखर खाल्ली की आमचा मुलगा उधळतो’ असं सांगणाऱ्या आया आणि त्यांची पाच ते सात वर्षांची ३५ मुलं. सगळ्या मुलांना साखर नसलेलंच पेय दिलं. निम्म्या आयांना मात्र सांगितलं, की यात भरपूर साखर आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल दिसली! आपण अंधश्रद्धेवर इतकं बोलतो, पण आईचा डोळा हेही एक कच्चं मोजमाप आहे हे पचवायला मला वेळ लागला.

मेलाटोनिनचंही तसंच. ‘नॅचरल आहे’ म्हणून आपण निर्धास्त असतो. अमेरिकेत ते औषध म्हणून नाही, पूरक आहार म्हणून विकलं जातं. २०२३ साली २५ प्रकारच्या गमी तपासल्या, त्यांतल्या २२ वरचं लेबल चुकीचं निघालं. एकात तर लिहिलेल्याच्या तिपटीहून जास्त मेलाटोनिन, दुसऱ्या एकात अजिबात नाही. विषबाधा केंद्रांकडे येणाऱ्या मुलांच्या मेलाटोनिनच्या नोंदी २०१२ मध्ये ८ हजारांच्या आसपास होत्या, २०२१ मध्ये ५२ हजारांच्या वर गेल्या. मी ते वाईट आहे असं म्हणत नाही. काही मुलांना उपयोग होतो, डॉक्टरही सुचवतात. पण आम्ही एकाचे तीन, तीनाचे पाच मिलिग्रॅम कुणालाही न विचारता केले होते, आणि डॉक्टरांना सांगितलंही नव्हतं, कारण आमच्या लेखी ते औषधच नव्हतं.

डॉक्टरांनी आम्हाला एक शंभर पानी वही घालायला सांगितली. रकाने मोजके. गोळी किती वाजता, झोप किती वाजता, रात्री उठला का, पोटात काय गेलं, आणि शाळेतून बाईंचा एक आकडा, एक ते पाच. बाईंना डोस कधी बदलला ते सांगायचं नाही. तीन आठवडे काहीही बदलायचं नाही.

तीन आठवड्यांनी वही उघडली आणि मी डोक्याला हात लावला. वाईट रात्री दोनच, शनिवार आणि रविवार. बाईंचे वाईट आकडे सोमवारचे. आम्ही दोष देत होतो मंडळाच्या कार्यक्रमांतल्या गुलाबजामांना. खरं कारण असं, की सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळे उशिरा उठायचो, गोळी सातऐवजी दहाला दिली जायची, आणि रात्री दहापर्यंत तिचं काम चालू राहायचं. गोळीची वेळ सातही दिवस सातची केली. बाकी काही नाही. शनिवार-रविवार सुधारले.

सगळं त्यानेच सुटलं नाही. झोपेत तो पाय फार झाडायचा, बिछाना विस्कटलेला असायचा. ते आम्ही कधी सांगितलंच नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, घोरतो का, पाय हलवतो का, आणि रक्तातलं फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा तपासला. तो कमी निघाला. पाय झाडण्याचा आणि लोहाचा संबंध असतो. आपल्या शाकाहारी घरांतून हे विचारून घेण्यासारखं आहे. मात्र लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका, लहान मुलांना त्याची जास्त मात्रा जिवावर बेतते.

काही मुलांना रात्री क्लोनिडिन किंवा ग्वानफासिन देतात. दोन्ही मुळात रक्तदाबाची औषधं. यातली खबरदारी एकच सांगते. ती अचानक बंद करायची नाहीत, रक्तदाब उसळतो. पुण्याला जाताना बाटली घरी राहिली तर ‘तीन आठवडे नाही घेतली तर काय होतंय’ असं म्हणता येत नाही.

आता त्या व्हिटॅमिनच्या बाटलीकडे येते.

माझी आई सहा महिन्यांसाठी आली होती. तिला काय सांगायचं यावर आमची रात्र रात्र चर्चा. ‘पोराला वेड्याच्या गोळ्या देता?’ असं ती म्हणेल, फोनवर सगळ्या बहिणींना कळेल, मग मंडळात कळेल. म्हणून आम्ही कॅप्सूल फार्मसीच्या बाटलीतून काढून व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत ओतल्या. दोघंही पीएचडी, मंडळी.

एका शनिवारी मी लॅबमध्ये गेले होते. दुपारी घरी आले तर आई म्हणाली, ‘‘अगं, आज त्याला व्हिटॅमिन द्यायला विसरलात वाटतं. मी दिलं बाराला.’’ आम्ही सातला दिलेलं होतं.

त्याचे गाल लाल, छाती धडधडतेय, तोंड क्षणभर बंद नाही. मी पॉयझन कंट्रोलला फोन केला. त्यांनी वजन, डोस, वेळ विचारली, नाडी मोजायला लावली आणि कशावर नजर ठेवायची, काय झालं तर तडक इमर्जन्सीत न्यायचं, ते सांगितलं. मी फोनवर इंग्रजीत बोलत होते. आई समोर उभी होती आणि तिला फक्त माझा चेहरा दिसत होता. पहाटे अडीचला तो झोपला. आई देवासमोर बसून होती. तिला वाटत होतं तिच्या हातून काहीतरी भयंकर झालं. झालं होतं माझ्या हातून.

पहाटे मी तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, ‘‘तुझा मामा असाच होता. वडिलांनी पट्ट्याने मारून सरळ करायला बघितलं. नाही झाला. तेव्हा असं काही होतं का गं औषध?’’ मामाबद्दल आमच्या घरात कुणी फारसं बोलत नाही. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो हे मी शंभरदा वाचलं होतं, पण आईला मामाबद्दल कधी विचारलं नव्हतं.

अभ्यासाचं एक बोलून आवरते. १९९९ साली इथे ५७९ मुलांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, एमटीए नावाचा. चौदा महिने चालला. त्यात एका गटाला अभ्यासातले डॉक्टर जपून, दर महिन्याला भेटून, शिक्षकांना विचारून औषध देत होते. दुसरा गट बाहेर आपापल्या डॉक्टरांकडे होता, आणि त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश मुलांनाही औषध मिळतच होतं. तरी पहिल्या गटाचा उतावळेपणा स्पष्ट कमी झाला. तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा गटांमधला हा फरक पुसला गेला होता, हेही सांगायला हवं. पण तोवर ते काटेकोर लक्षही थांबलं होतं. माझं मत असं, की आपण ‘गोळी द्यावी की नाही’ यावर भांडत बसतो आणि ‘दिल्यावर बघतंय कोण’ हा प्रश्न राहून जातो.

भारतात नेताना औषध फार्मसीच्या मूळ बाटलीत आणि डॉक्टरांच्या पत्रासह न्या. मिथाइलफेनिडेट तिथे एनडीपीएस कायद्याखाली येतं. आखाती देशातून विमान बदलणार असाल तर तिथले नियम आधी बघा, आणि नातेवाइकांकडून पोस्टाने मागवू नका.

एक गोष्ट वहीत कुठेच नव्हती. नऊ वर्षांचा असताना त्याने मला विचारलं, ‘‘आई, गोळी घेतली नाही की मी वाईट असतो का?’’ मी चकित झाले. मग आठवलं, की ग्लास फुटला, भांडण झालं, काहीही बिनसलं की आम्हा दोघांच्या तोंडून पहिला प्रश्न निघायचा, ‘‘आज गोळी घेतलीस का?’’ तो प्रश्न आम्ही त्या दिवसापासून बंद केला. घेतली की नाही ते वहीत बघायचं, त्याला विचारायचं नाही.

बाटली आता फार्मसीच्या लेबलसकट कुलपाच्या डब्यात असते. वहीच्या जागी फ्रिजवर तक्ता आला. आई पुढच्या वेळी आली तेव्हा तिने त्यात स्वतःच्या अक्षरात एक रकाना वाढवला, ‘वरण-भात किती खाल्ला’. त्याची दुपारची भूक मरते आणि सकाळी सहाला, गोळीआधी, नीट जेवायला घातलं तर वजन टिकतं, हे त्या रकान्यावरूनच आम्हाला कळलं. आता तक्ता तो स्वतः भरतो. आईचा रकाना त्याने ठेवलाय.

प्रश्न विचारा. डोस मात्र मला विचारू नका, तो तुमच्या मुलाच्या डॉक्टरांना विचारा. आणि ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नसेल, त्यांच्यासाठी मी चहाच्या टेबलापाशी थांबते आहे.