उत्प्रेरकही थकतो

शाळेत आपण सगळ्यांनी एक व्याख्या पाठ केली आहे: रासायनिक क्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः बदलत नाही, तो उत्प्रेरक. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मला हा उत्प्रेरक गावभरची लग्ने जुळवून स्वतः अविवाहित राहणाऱ्या मध्यस्थासारखा वाटतो. बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये या कल्पनेला नाव दिले. प्रत्यक्ष कामाला जुंपलेला उत्प्रेरक मात्र म्हातारा होतो.

इथेनॉलचेच पाहा. आपले साखर कारखाने ते मळीपासून बनवतात. इथेनॉल आणि पाण्याची वाफ पाचसहाशे अंश सेल्सिअसला तापलेल्या निकेलवरून सोडली, की हायड्रोजन मिळतो. हिशेब देखणा आहे: इथेनॉलचा एक रेणू, पाण्याचे तीन, हाती येतात हायड्रोजनचे सहा आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन.

हे निकेल ॲल्युमिनासारख्या सच्छिद्र पदार्थावर अतिसूक्ष्म कणांच्या रूपात पसरलेले असते. त्याचा पहिला शत्रू काजळी. ॲल्युमिनाच्या आम्लधर्मामुळे इथेनॉलमधून पाणी निघून जाते, एथिलीन उरते, त्याच्या साखळ्या जुळतात आणि कंदिलाच्या काचेवर धरावी तशी काजळी धरते. कधी कार्बनचा तंतू निकेलच्या कणाखालून वाढतो आणि त्या कणालाच जागेवरून उचलतो! दुसरा शत्रू उष्णता. तिच्यामुळे शेजारचे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात. धातू तेवढाच राहतो, काम करणारा पृष्ठभाग घटतो. इथेनॉलमध्ये गंधक असेल, तर तेही निकेलला घट्ट चिकटून बसते.

हवा सोडून काजळी जाळता येते. पण त्या जळण्याच्या उष्णतेने कण आणखी मिसळतात. वाफ वाढवली तर काजळी कमी धरते, पण पाणी तापवायला जास्त इंधन लागते. म्हणून संशोधक मॅग्नेशिया घालून आम्लता कमी करतात किंवा सेरिया वापरतात. तो आपल्याजवळचा ऑक्सिजन देऊन कार्बन जाळतो. रोडियम हा धातू काजळीला चांगला तोंड देतो, पण तो फार महाग.

शाळेतली व्याख्या एका क्रियेपुरती खरी आहे. कारखान्याला मात्र हजारो तास काढायचे असतात. तेव्हा इथेनॉलपासून हायड्रोजन काढणाऱ्या नव्या उत्प्रेरकाची बातमी वाचाल, त्या वेळी पहिल्या तासाला किती वायू निघाला एवढ्यावर थांबू नका. हजाराव्या तासाला किती निघाला, तेही शोधा. हायड्रोजन स्वस्त पडणार की महाग, हे बरेचसे तिथेच ठरते.