शाळेच्या नव्या लेखनस्थानासाठी पैसा केव्हा खर्चावा?

(प्राथमिक शिक्षकांसाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावोगावच्या प्राथमिक शिक्षकांपैकी अनेकांच्या मनात एक स्तुत्य इच्छा असते. मुलांनी लिहिलेले निबंध, गावातील वृद्धांकडून ऐकलेल्या ओव्या व कहाण्या, रापणीच्या दोरांची आणि जाळ्यांची नावे, दशावतारी खेळांची माहिती, स्वतः तयार केलेले पाठ व स्वाध्याय हे सारे कोठे तरी नीट मांडून ठेवावे आणि ते चार लोकांनी वाचावे, अशी ती इच्छा होय. पूर्वी यासाठी हस्तलिखित मासिक हे साधन होते. आज इंटरनेटवर ब्लॉग काढता येतो, व महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांच्या कितीतरी शिक्षकांनी तो काढलेलाही आहे. परंतु आरंभीच एक प्रश्न उभा राहतो. जागा फुकट मिळते तशीच विकतही मिळते. मग पैसा भरावा काय, आणि भरावयाचा तर केव्हा?

प्रश्न दिसावयास लहान आहे. तथापि हा पैसा बहुतेक वेळा शिक्षकाच्या वेतनातून जातो, आणि त्याहून मोलाची वस्तू, म्हणजे मुलांचे लेखन, त्या जागेच्या भरवशावर ठेवली जाते. म्हणून त्याचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सिंधुदुर्गाच्या शिक्षकाला फार दूर जावयास नको. देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे गाव. मराठीतील पहिले वृत्तपत्र 'दर्पण' त्यांनी मुंबईत ६ जानेवारी १८३२ रोजी काढले. तो दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. या पत्राचा आरंभ कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. १८३१ च्या अखेरीस प्रथम जाहीरपत्रक निघाले आणि पत्राचा हेतू लोकांपुढे मांडला गेला. त्यानंतर पत्र निघाले, तेही आरंभी पाक्षिक म्हणून. चार महिने ते तसे चालल्यावर ४ मे १८३२ पासून साप्ताहिक झाले. एका स्तंभात मराठी व दुसऱ्यात इंग्रजी मजकूर देऊन दोन्ही प्रकारचे वाचक त्यांनी जोडले. छपाईचा खर्च हा त्या काळी टाळता न येणारा खर्च होता. तरीही त्याचे ओझे एकदम दुप्पट न करता आधी चाल बसवून मग वेग वाढविण्यात आला. 'दर्पण' १८४० पर्यंत चालले.

दुसरे उदाहरण तर एका शिक्षकाचेच आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक होते. १८७४ च्या जानेवारीत त्यांनी 'निबंधमाला' हे मासिक सुरू केले. मासिक म्हटले तरी ते जवळजवळ एकाच माणसाचे लेखन होते. पुढे त्यांची बदली रत्नागिरीस झाली आणि १८७९ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली. मालेचे एकंदर ८४ अंक निघाले. ती सुरू झाली तेव्हा विष्णुशास्त्र्यांपाशी स्वतःचा छापखाना नव्हता. आर्यभूषण छापखाना उभा राहिला तो नंतर, 'केसरी' निघण्याच्या सुमारास. आणि 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा आहे. लेखणी कित्येक वर्षे चालली, वाचक तयार झाला, पुढील कार्याची निकड भासली, आणि मग यंत्राचा खर्च आला, असा हा क्रम आहे.

या दोन उदाहरणांवरून खर्च करूच नये असा अर्थ काढणे चुकीचे होईल. जांभेकरांनी खर्च केला नसता तर 'दर्पण' निघालेच नसते. खर्चाला योग्य वेळ असते आणि ती वेळ काम चालू झाल्यावर कळते, एवढाच बोध येथे घ्यावयाचा आहे. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जात असता नवा माणूस दोराला हात लावतो आणि आपला वाटा घेऊन घरी जातो. पहिल्याच दिवशी तो जाळे विकत घ्यावयास निघत नाही.

आता विकत मिळते ते काय, हे स्पष्ट करून घेतले पाहिजे. कारण पुष्कळांचा घोटाळा येथेच होतो. विकत मिळणाऱ्या वस्तू दोन आहेत. पहिली नाव, म्हणजे वाचक ज्या पत्त्यावर येतो तो पत्ता. याला डोमेन म्हणतात. २०१४ पासून '.भारत' असा देवनागरी शेवट असलेली नावेही मिळू लागली आहेत. दुसरी वस्तू जागा, म्हणजे ज्या संगणकावर मजकूर ठेवला जातो तेथील भाड्याची खोली. याला होस्टिंग म्हणतात. दोन्ही वस्तू कायमच्या विकत मिळत नाहीत. त्यांचे भाडे ठरावीक मुदतीने, बहुधा दरवर्षी, भरावे लागते. नावाचे भाडे सामान्यतः वर्षाला काही शे रुपयांपासून हजार-दीड हजारापर्यंत असते. जागेचे भाडे त्याहून अधिक पडते. शिवाय पहिल्या वर्षी सवलतीचा दर दाखवून दुसऱ्या वर्षी पूर्ण दर आकारण्याची रीत या व्यापारात सर्रास आहे. म्हणून दर विचारावयाचा तो नूतनीकरणाचा.

फुकट जागाही साधी नाही. ब्लॉगर ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली व २००३ मध्ये गूगलने ती घेतली. तिच्यावर मराठीत लिहिता येते, छायाचित्रे लावता येतात, आणि विशेष म्हणजे जागा फुकट ठेवून तिला आपले विकत घेतलेले नाव जोडता येते. वर्डप्रेस डॉट कॉमवरही फुकट आरंभ करता येतो; मात्र तेथे फुकट पानांवर त्यांच्या जाहिराती दिसू शकतात व स्वतःचे नाव जोडण्यासाठी पैसे भरावे लागतात. तात्पर्य, नाव आणि जागा यांचा निर्णय एकाच दिवशी घेण्याचे कारण नाही.

येथे कोणी म्हणेल की, पैसा भरला म्हणजे लिहिण्याची शिस्त आपोआप लागते. हा युक्तिवाद ऐकावयास बरा वाटतो. पण शाळेत हार्मोनियम आणली म्हणून मुले गाऊ लागतात, असे घडत नाही. गाणे चालू असलेल्या शाळेत हार्मोनियम शोभते. लेखनाचेही तसेच आहे. न लिहिलेल्या ब्लॉगाचे भाडे वर्षामागून वर्ष भरीत राहणे हा लाजेपोटी होणारा खर्च आहे, आणि शेवटी कंटाळून तो बंद झाला म्हणजे जे थोडे लिहिलेले असते तेही दिसेनासे होते.

म्हणून पहिली कसोटी कामाची असावी. एक शैक्षणिक वर्ष ही तिची स्वाभाविक मुदत होय. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा उत्साह असतो. पुढे कोकणातला पाऊस, खंडित होणारी वीज, फोनची रेंज नसणे, चतुर्थीची सुट्टी, परीक्षा, सर्वेक्षणे व इतर कामे यांतून जो शिक्षक मार्चपर्यंत महिन्याला दोन लेख नियमाने देऊ शकला, त्याच्यापाशी वर्षाअखेर वीस मजकूर तरी जमतील. वाचक किती आले, हा आकडा या काळात पाहू नये. तो मनाला फुगवितो किंवा खचवितो. काम टिकले की नाही, हे सांगत नाही.

दुसरी कसोटी पत्त्याची. पत्ता बदलला की जुने दुवे तुटतात व वाचक वाट चुकतो. त्यामुळे नाव घ्यावयाचेच असेल तर ते फार उशिरा घेण्यातही तोटा आहे. याची खूण अशी की, जोवर पत्ता गावातील पालक आणि केंद्रातील सहकारी यांच्यापुरता आहे तोवर फुकट पत्ता पुरेसा आहे. तो शाळेच्या फलकावर रंगवावयाचा असेल, पुस्तिकेत छापावयाचा असेल, किंवा इतर शाळा आपल्या पानावरून त्याकडे बोट दाखवू लागल्या असतील, तर त्याआधी नाव घ्यावे. हा पहिला रास्त खर्च होय.

तिसरी कसोटी गरजेची. स्वतंत्र जागा भाड्याने घेण्यासाठी 'फुकट जागेत अमुक एक गोष्ट करता येत नाही' हे वाक्य कागदावर लिहिता आले पाहिजे. मुलांपुढे जाहिराती येतात व त्या हटवावयाच्या आहेत. शेकडो मजकुरांची विषयवार मांडणी हवी आहे. अनेक शाळांचे मिळून एक स्थान चालवावयाचे आहे, अशी कारणे खरी आहेत. पान अधिक देखणे दिसावे, एवढे कारण पुरेसे नाही. शिवाय भाड्याच्या स्वतंत्र जागेची राखण स्वतःलाच करावी लागते. तेथील प्रणाली अद्ययावत ठेवणे, घुसखोरी रोखणे, बिघाड दुरुस्त करणे ही कामे शाळा सुटल्यावर कोण करणार, याचे उत्तर आधी हवे.

चौथी कसोटी तीन वर्षांची. नूतनीकरणाच्या दराने तीन वर्षांचा खर्च मांडावा आणि तो कोठून येणार, हे लिहावे. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे येथेही खरे. देवगड तालुक्यातील एखादी द्विशिक्षकी शाळा कल्पनेत घ्यावी. तेथील शिक्षकाने उत्साहाने आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर नाव व जागा घेतली. दोन वर्षांनी त्याची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. भाडे भरण्याची सूचना त्याच्या ईमेलवर येत राहिली, नव्या शिक्षकाला परवलीचा शब्द ठाऊक नाही. मुदत टळली की काही काळाने ते नाव बाजारात मोकळे होते व कोणीही परका माणूस ते घेऊ शकतो. मग शाळेच्या फलकावर रंगविलेल्या पत्त्यावर मुलांच्या कवितांऐवजी भलतीच जाहिरात दिसेल. पैशाच्या हानीपेक्षा ही हानी मोठी आहे.

यावर उपाय साधा आहे. खर्च शाळेसाठी असेल तर तो विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा. शाळेच्या नावाने स्वतंत्र ईमेल काढावा, नाव त्यावर नोंदवावे, नूतनीकरणाची तारीख मुख्याध्यापकांच्या नोंदवहीत लिहावी आणि परवलीचा शब्द बंद पाकिटात ठेवून कार्यभाराबरोबर तोही सोपवावा. लेखन शिक्षकाचे वैयक्तिक असेल तर ते आरंभापासून त्याच्याच नावाने असावे. दोहोंची सरमिसळ करू नये. मुलांची छायाचित्रे व पूर्ण नावे पालकांच्या संमतीवाचून कोठेही देऊ नयेत, मग जागा फुकट असो वा विकतची.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. पैसा भरला म्हणजे लेखन सुरक्षित झाले, असे नाही. जिओसिटीज या सेवेवर जगभरच्या लोकांनी आपली पाने उभारली होती. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये ती सेवा बंद करण्यात आली. फुकट जागा मालकाच्या मर्जीवर असते, विकतची जागा भाड्याच्या तारखेवर असते. लेखन टिकते ते प्रतींमुळे. जांभेकरांचे लेखन आजच्या अभ्यासकाला एकत्र सापडते, कारण १९५० मध्ये ते तीन खंडांत संकलित करून छापले गेले. म्हणून महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ब्लॉगाची प्रत उतरवून शाळेच्या संगणकावर व एका वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी. अशा प्रतीत बहुधा लेखांचा मजकूर येतो, छायाचित्रांचे मात्र केवळ दुवे येतात. तेव्हा मूळ छायाचित्रे निराळी जपावीत. वर्षाअखेर निवडक मजकूर कागदावर काढून, शिवून, शाळेच्या ग्रंथालयात एक बाड ठेवावे. ज्या आजीने ओवी सांगितली तिच्या हाती ती कागदावरच देता येते.

सारांश असा. पहिले वर्ष फुकट जागेत लिहावे व प्रती जपाव्यात. पत्ता गावाबाहेर जाऊ लागला की नाव घ्यावे. फुकट जागेची उणीव लेखी सांगता आली, राखणदार ठरला आणि तीन वर्षांच्या पैशाची तरतूद झाली, तरच जागा भाड्याने घ्यावी. यांपैकी एखादी गोष्ट जुळत नसेल तर तो पैसा मुलांच्या वह्या, शब्दकोश व ग्रंथालयाची पुस्तके यांकडे वळवावा. त्यातून निघणारे लेखन फुकट पानावरही तितकेच उजळ दिसेल. आरंभ मात्र कोणत्याही खर्चासाठी थांबवू नये. गावातील रापणीचे शब्द जाणणारी माणसे वृद्ध होत चालली आहेत, आणि ते शब्द टिपून घेण्याचे काम येत्या शनिवारी दप्तराविना भरणाऱ्या वर्गातही सुरू करता येते.