तबकडीवरची बटणे
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मंडळाच्या जुन्या कार्यक्रमांच्या चित्रफितींवरून डीव्हीडी तबकडी तयार करण्याचे काम गेले वर्षभर माझ्याकडे आहे. त्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. चित्रफीत उतरवून घेणे हे बरेचसे यंत्राचे काम. त्याविषयी मी बोलणार नाही. मला बोलायचे आहे ते पडद्यावर दिसणाऱ्या यादीविषयी आणि तिच्यावरच्या बटणांविषयी. तेथे मात्र आपलीच बुद्धी लागते.

आपल्यापैकी एका भगिनीने मला विचारले, "आमच्या सासूबाई एकदा मंडळात जात्यावरच्या ओव्या म्हणाल्या होत्या. तेवढ्याच ऐकायला मिळतील का?" सासूबाई आज हयात नाहीत. दोन तासांच्या तबकडीत त्यांचा आवाज अवघा चार मिनिटे आहे. तेथवर चटकन पोचता आले नाही, तर तो असूनही नसल्यासारखाच!

तबकडी रचण्याची सॉफ्टवेअरे पुष्कळ आहेत. डीव्हीडीस्टायलर हे तर विनामूल्य मिळते. कोणतेही घेतले तरी मूळ रीत एकच, कारण १९९६ साली बाजारात आलेल्या डीव्हीडीचे नियम सर्वांनाच पाळावे लागतात.

प्रथम चित्रफितीची प्रकरणे पाडावी. ओव्या जेथे सुरू होतात, तेथे एक खूण. मग यादीवर बटण ठेवून त्याला आज्ञा द्यावी, 'या प्रकरणावर जा.' एवढ्यावर पुष्कळजणी थांबतात. पण बटणाला आणखी एक गोष्ट सांगावी लागते. वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे त्याची शेजारीण कोण? संगणकावर आपण माउसने हवे ते बटण टिपतो. घरी आजीबाईंच्या हाती रिमोटचे चार बाण असतात. शेजार चुकीचा लागला, तर बाण दाबूनही त्यांना हव्या त्या बटणावर जाता येत नाही. सॉफ्टवेअर हा शेजार आपण होऊन लावते खरे, तरी तो एकदा तपासावाच.

दुसरी गोष्ट परतीची. ओव्या संपल्यावर काय व्हावे, हेही सांगून ठेवावे लागते. तेथे 'यादीकडे परत जा' अशी आज्ञा द्यावी. नाहीतर पडदा काळा होतो आणि घरातील मंडळींना वाटते, यंत्र बिघडले. तसेच तबकडी घालताच प्रथम काय दिसावे, हेही ठरवावे. पाहुणी दारात आली की 'या, बसा' म्हणणारे कोणीतरी हवेच ना!

तिसरी गोष्ट डोळ्यांची. बटण साधे असताना, त्यावर आपण आलो असताना आणि ते दाबले असताना, अशी त्याची तीन रूपे असतात. या खुणांच्या थराला पारदर्शक धरून चारच रंग मिळतात. तेव्हा बारीक नक्षीच्या भरीस पडू नये. निवडलेल्या बटणाखाली जाड रेघ द्यावी. ती अधू नजरेलाही दिसते. एका यादीवर ३६ बटणांपर्यंत मुभा आहे, पण सहा-सात पुरेत. बाकीच्यांसाठी दुसरी यादी करावी आणि तिच्यावर 'मागे' हे बटण विसरू नये.

सर्व झाल्यावर पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकडीवर उतरवून ती घरच्या यंत्रात लावावी, आणि रिमोट घरातल्या सर्वांत वडील बाईच्या हाती द्यावा. त्यांना न विचारता ओव्या सापडल्या, तर रचना उत्तम समजावी. तबकडीही अमर नव्हे, म्हणून मूळ चित्रण संगणकावर निराळे जपले आहे.

आता एक विनंती. प्रत्येक बटणावर नाव लिहावे लागते. चित्रफितींच्या वेष्टनांवर 'अमक्यांच्या आई', 'तमक्यांच्या सासूबाई' एवढेच आहे. त्यांची स्वतःची नावे काय होती? 'ओव्या क्रमांक ३' असे लिहायला माझा हात धजत नाही. ती नावे आज आपल्यापैकी चार-पाच वडील भगिनींनाच ठाऊक असतील. येत्या दोन्ही गुरुवारी दुपारी मी मंडळात चित्रफिती लावणार आहे. आपण यावे, चेहरे ओळखावेत, नावे सांगावीत. आज्ञा मी लिहीन; नावे मात्र आपणच द्यायची आहेत.