मुखत्यारपत्र आईचं असतं

आम्ही तिघी बहिणी आणि एक दादा. माहेर सेलू तालुक्यातलं. बाबा गेल्यावर आईनं वावराच्या आणि बँकेच्या कामांसाठी दादाला मुखत्यारपत्र करून दिलं. पुढं दादाची बदली नाशिकला झाली आणि आई वर्ध्याला ताईकडे राहायला आली. प्रत्येक कागदासाठी दादाला रजा काढून यावं लागे. शेवटी तो म्हणाला, "मी माझं मुखत्यारपत्र ताईच्या नावावर करून देतो."

आम्हालाही ते सोपं वाटलं. वकीलबाईंनी मात्र थांबवलं. मुखत्यार म्हणजे मालक नव्हे, आईच्या वतीनं काम करणारा. मूळ कागदात तशी मुभा नसेल, तर त्याला आपला अधिकार दुसऱ्याला देता येत नाही. 1872 च्या करार कायद्याचाच हा नियम. जुनं रद्द करायचं आणि नवं करायचं, दोन्ही आईनंच. तेही तिला समज आहे तोवर. माणसाचं भान हरपलं किंवा माणूस गेला, की मुखत्यारपत्र संपतं.

आई अलीकडे नावं विसरू लागली होती. म्हणून आधी डॉक्टरांचा दाखला घेतला. पण आईच तयार होईना. "पोराचं नाव काढलं तर गाव म्हणेल, त्यानं खाल्लं." मग दादा स्वतः आला, तिच्याजवळ बसला. म्हणाला, "आई, मीच सांगतो, काढ."

तेव्हा आईनं अट घातली : वावर विकायचा हक्क कुणालाच नाही, आणि दर महिन्याला हिशेब मला वाचून दाखवायचा. इतकी वर्षं हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. पहिली अट कागदात लिहिली, दुसरी ताई पाळते.

दुय्यम निबंधक कार्यालयात रद्दलेख आणि नवं मुखत्यारपत्र नोंदवलं. बँकेला आणि तलाठ्याला लेखी कळवून पोच घेतली. हे विसरू नका. रद्द झाल्याचं बँकेला माहीतच नसेल, तर ती जुन्याच कागदावर व्यवहार करत राहील. घरचं माणूस अंथरुणाला खिळलं असेल, तर निबंधकांनी घरी यावं असा अर्ज करता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईमाणसाला तिथं उत्पन्नाची अट नाही. फोन 15100.

मैत्रिणींनो, कागद कुणाच्या नावावर करायचा हे भावंडांनी ठरवण्याआधी आईला विचारा. आज ती सांगू शकते.