मोळी उचलताना

दिवाळीच्या आसपास पाथर्डी तालुक्यातल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, ऊसतोडीला निघते. खरी कंबर मोडते ती मात्र भरणीत, म्हणजे तोडलेला ऊस गाडीत चढवताना. मोळी डोक्यावर, पायाखाली फळी, तीही दवाने ओली! म्हणून मोळी लहानच बांधा. खेपा वाढतील, वाढू द्या. उचलताना गुडघ्यात वाका, पाठ सरळ, मोळी अंगालगत. वळायचं तर पाय वळवा, कंबर पिळू नका. फळीवरचा चिखल, पाचट आधी झाडा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये पुरुषासाठी कमाल ५५ किलो ओझ्याची शिफारस केली, बाईसाठी त्याहून बरीच कमी. ही शेवटची हद्द आहे, रोजचं माप नव्हे. कंबरेतून पायात कळ उतरली किंवा मुंग्या आल्या, तर मुकादमाला सांगून सरळ आरोग्य केंद्र गाठा.