एक नदी, दोन काठ



शेजाऱ्याशी तुलना करणे हा माणसाचा स्वभाव आहे. बांधापलीकडे पीक जोमदार दिसले, की आपण थांबून बघतो. बी कोणते पेरले, खत किती घातले, पाणी कधी दिले, असे विचारतो. ही तुलना चांगली. तिने माणूस शहाणा होतो. पण कधी कधी आपण काहीच विचारत नाही. "त्याचं नशीबच चांगलं!" असे म्हणून पुढे जातो. ही तुलना वाईट. तिने माणूस हातपाय गाळून बसतो.

जशी शेतांची तुलना, तशी देशांची. एक देश सुखी आणि त्याला लागून असलेला दुसरा देश गरीब, असे जगात पुष्कळ ठिकाणी दिसते. वारा तोच, पाऊस तोच, माणसेही सारखीच. मग असे का होते? याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आपल्या कोपरगावच्या शिवेपासूनच सुरुवात करू.

शीव कुठे होती?

आपल्या तालुक्याच्या पूर्वेला वैजापूर तालुका आहे. आज आपण एस.टी.त बसतो आणि वैजापूरला उतरतो. मध्ये कोणी अडवत नाही. पण १९४८ सालापर्यंत तसे नव्हते. कोपरगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होते. वैजापूर आणि गंगापूर हे तालुके निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. खाली बरेच अंतर तर गोदामाईच दोन राज्यांची हद्द होती.

निजामाचे नाणे वेगळे होते. त्याला हाली सिक्का म्हणत. माल इकडून तिकडे न्यायचा तर जकात द्यावी लागे. त्या खात्याला तिकडे करोडगिरी म्हणत. कायदा वेगळा, कचेरी वेगळी, कचेरीतली भाषाही वेगळी. म्हणजे म्हटले तर दोन देशच!

पण माणसे एकच होती. दोन्ही काठांवर मराठी बोलत. सोयरीक नदीपलीकडे होई. सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांना दोन्ही काठांवरची माणसे मानत. माती तीच काळी. पीक तेच, बाजरी आणि ज्वारी. दुष्काळ पडला की दोन्हीकडे सारखाच पडे. १८७६ साली पडला, १८९९ साली पडला. तेव्हा नदीने हद्द पाहिली नाही.

पाट कुठे आला?

लागोपाठच्या दुष्काळांनी इंग्रज सरकारही घाबरले. रयत मेली तर सारा कोण भरणार? दुष्काळी कामांवर पैसा किती ओतणार? १९०१ साली सरकारने एक आयोग नेमला. पाटबंधारे कुठे बांधावेत, हे त्याने सांगायचे होते. पुढे इगतपुरी तालुक्यात दारणा नदीवर धरण झाले. ते १९१६ साली पुरे झाले. नांदूर-मधमेश्वरला गोदावरीवर बंधारा घातला. तिथून उजवा आणि डावा असे दोन कालवे निघाले. पाटाचे पाणी नाशिक आणि नगर जिल्ह्यांतल्या रानांत आले. कोपरगावात ऊस उभा राहिला.

इंग्रजांनी हे दयेने केले असे समजू नका. त्यांनी पाणीपट्टी घेतली आणि हिशोब पाहिला. पण पाणी आले, हे खरे.

शिवेपलीकडे त्या वेळी असे पाणी गेले नाही. निजामाने धरणे बांधलीच नाहीत असेही नाही. १९३१ साली त्याने मंजिरा नदीवर निजामसागर बांधले. पण ते दूर तेलंगणात. वैजापूर-गंगापूरचे रान आभाळाकडे बघत राहिले.

म्हणजे एकाच नदीच्या खोऱ्यात एका गावाला बारमाही पाणी आणि शेजारच्या गावाला फक्त पावसाचे. हा फरक देवाने केला नाही. कालवा कुठे न्यायचा, हे माणसांनी ठरवले.

राजा श्रीमंत, रयत गरीब

हैदराबादचा शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याची गणना जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत होत असे. हिरे-मोत्यांचा त्याच्याकडे साठा होता. मग त्याचे राज्य श्रीमंत म्हणायचे का?

जरा आत डोकावून पाहू. संस्थानातली सुमारे दहावा हिस्सा जमीन निजामाच्या खाजगीची होती. तिला सर्फेखास म्हणत. आणखी तीन दहांश जमीन जहागीरदारांकडे होती. कसणारा एक आणि पिकाचा मालक दुसरा, अशी गत. पैसा वर जाई, खाली येत नसे.

कारभार उर्दूत चाले. वरचे शिक्षणही उर्दूत होते. मराठी बोलणाऱ्या कुणब्याला आपल्याच जमिनीचा कागद वाचता येत नसे. १९५१ साली शिरगणती झाली. तेव्हा हैदराबाद राज्यात शंभर माणसांत वाचता येणारी अवघी नऊ-दहा निघाली. मुंबई राज्यात त्यांच्या दुपटीहून जास्त होती. मंडळी, तुम्ही नुकतेच वाचायला शिकला आहात. कागद वाचता न येणे म्हणजे काय, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. अंगठा लावणाऱ्याला, आपण कशावर अंगठा लावतो, हेच कळत नाही. गरिबीचे एक मूळ तिथे आहे.

पुढे लोक उठले. स्वामी रामानंद तीर्थांनी लढा चालवला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली. १९४९ साली जहागिऱ्या गेल्या. १९५० साली कुळांसाठी कायदा झाला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९६० साली महाराष्ट्र झाला. हद्द पुसली गेली.

पण हद्द पुसली म्हणून फरक लगेच पुसला जात नाही. १९८४ साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने हिशोब मांडला. रस्ते, शाळा, वीज, पाटबंधारे यांत कोणता भाग किती मागे आहे, ते तिने मोजले. त्या मागे राहण्याला अनुशेष म्हणतात. बापाचे कर्ज मुलाला फेडावे लागते, तसेच हे.

आपल्या काठचे गरीब

आता कोणी म्हणेल, "म्हणजे आपला काठ सुखी आणि त्यांचा दुःखी." थांबा. इतक्या लवकर निकाल देऊ नका.

पाट आला, पण ऊस लावायला भांडवल लागते. ते साध्या शेतकऱ्याकडे कुठले? नगर जिल्ह्यात कितीतरी शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी खंडाने साखर कंपन्यांना दिल्या. पाणी त्यांच्या रानात आले, पण साखर दुसऱ्याची झाली. १९६१ साली कमाल जमीनधारणेचा कायदा झाला. कंपन्यांकडची ती जमीन शेती महामंडळाकडे गेली. खंडकरी शेतकऱ्यांना जमीन परत मिळू लागायला २०१२ साल उजाडले. तोवर आजोबा गेले होते, बापही थकला होता. शिवाय पाण्याचा निचरा झाला नाही तिथे रान पाणथळ झाले, चोपण झाले. नुसते पाणी पुरत नाही. त्यामागची व्यवस्थाही नीट असावी लागते.

ही व्यवस्था लोकांनी स्वतः उभी करून दाखवली. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना काढला. १९५० साल संपता संपता त्याचे गाळप सुरू झाले. मागून आपल्या तालुक्यात कोळपेवाडीला आणि सहजानंदनगरला सहकारी कारखाने निघाले. ऊस पिकवणारा कारखान्याचा सभासद झाला. ही मोठी गोष्ट झाली.

पण उसाच्या फडात जरा पाहा. दसऱ्यानंतर बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोड मजूर येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते. ती फेडण्यात हंगाम जातो. पाचटाच्या कोपीत संसार. मुलांची शाळा बुडते. ही माणसे आपल्याच राज्याची आहेत. ज्या काठावर साखर होते, त्याच काठावर ती साखर तोडणारा गरीब राहतो.

सरासरीचा फसवा आकडा

म्हणून तुलना कशी करावी, हेही शिकले पाहिजे. देशाची श्रीमंती सांगताना दरडोई उत्पन्न सांगतात. सगळ्यांची कमाई एकत्र करायची आणि माणसांच्या संख्येने भागायचे. हिशोब सोपा आहे. पण तो फसवू शकतो.

समजा, एका वस्तीत दहा घरे आहेत. एका घराची वर्षाची कमाई दहा लाख रुपये. बाकी नऊ घरांची प्रत्येकी एक लाख. बेरीज झाली एकोणीस लाख. दहाने भागले, की घरटी एक लाख नव्वद हजार येतात. पण इतकी कमाई त्या नऊ घरांत कोणाची आहे? एकाचीही नाही! आकडा खोटा नाही. पण तो सगळे सांगतही नाही.

आता दूरचे उदाहरण घेऊ. पाकिस्तान आणि बांगलादेश हे १९७१ पर्यंत एकच राष्ट्र होते, मध्ये आपला देश. १९७० साली बांगलादेशच्या भूमीवर भयंकर वादळ आले. लाखो माणसे गेली. पुढच्याच वर्षी युद्ध झाले. हा देश उभा राहणार नाही, असे पुष्कळांना वाटले. आज त्याचे दरडोई उत्पन्न पाकिस्तानपेक्षा जास्त आहे. तिथे तान्ही मुले पाकिस्तानपेक्षा कमी दगावतात. माणूस सरासरीने काही वर्षे जास्त जगतो.

हे कशाने झाले? एक कारण बायकांचे. मुली शाळेत गेल्या. लाखो बायका कपड्यांच्या कारखान्यांत कामाला लागल्या आणि त्यांच्या हाती पैसा आला. दुसरी गोष्ट अगदी साधी आहे. १९८० सालापासून दहा वर्षे ब्रॅक नावाच्या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या. हगवण लागलेल्या मुलाला मीठ आणि गुळाचे पाणी कसे द्यावे, हे त्यांनी आयांना शिकवले. अशी एक कोटीहून जास्त घरे झाली. मीठ, गूळ आणि पाणी! यातली कोणती वस्तू आपल्या घरात नाही? नव्हते ते ज्ञान, आणि ते दारापर्यंत नेणारे माणूस.

पण तिथेही सरासरीच्या आत बघावे लागते. २०१३ साली तिथे राणा प्लाझा नावाची इमारत कोसळली. कपडे शिवणारे अकराशेहून जास्त कामगार मेले. भिंतींना तडे दिसत असताना त्यांना आत कामावर पाठवले होते. देशाचे उत्पन्न वाढत होते, पण त्या कामगारांच्या जिवाची किंमत वाढली नव्हती.

पाणी आज कोणाचे?

पुन्हा आपल्या नदीकडे येऊ. १९७६ साली पैठणला जायकवाडी धरण झाले. नांदूर-मधमेश्वरहून जलद कालवा निघाला आणि वैजापूर-गंगापूरच्या काही रानांना उशिरा का होईना पाणी मिळाले. पण पाऊस कमी पडला, की जुनी शीव पुन्हा मनात उभी राहते. वरची धरणे भरतात, जायकवाडी रिकामे राहते. वरचा म्हणतो, "आमचे पाणी सोडू नका." खालचा म्हणतो, "नदी काय तुमच्या एकट्याची?"

२००५ साली राज्याने पाण्याच्या न्याय्य वाटपाचा कायदा केला. त्याला धरून पुढे असे ठरले, की १५ ऑक्टोबरपर्यंत जायकवाडीत शंभरात पासष्ट भाग साठा नसेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे. वाद कोर्टात गेले. २०१६ साली उच्च न्यायालयानेही हे वाटप मान्य केले. आजही मोर्चे निघतात. आपल्या शेतकऱ्याचे दुःख खोटे नाही. त्याचा ऊस वाळतो. पण खालच्याच्या फळबागा वाळतात आणि हंडे रिकामे राहतात, हेही खोटे नाही. उसाला पाणी फार लागते. थेंबाने ऊस भिजवला, तर दोघांनाही थोडे थोडे पुरेल. भांडणापेक्षा ही मोजणी अवघड आहे, पण ती करावीच लागेल.

मंडळी, कोणी म्हणाले, "अमका देश पुढे गेला, तमका मागे राहिला," तर मान डोलावू नका. चार प्रश्न विचारा. तिथे पाणी कोणाच्या रानात जाते? जमीन कोणाच्या नावावर आहे? मुलगी शाळेत जाते का? आणि वाढलेली कमाई कोणाच्या घरात पोचते?

हेच चार प्रश्न आपल्या ग्रामसभेतही विचारा. पाणीवाटपाचा कागद मागा. आता तो तुम्हांला वाचता येतो.