बी विंगमधला गोल्डफिश

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोसायटीच्या 25 वर्षांबद्दल आधीचे वक्ते भरपूर बोलले. मला मिळालेली पाच मिनिटे मी अशा एका रहिवाशासाठी वापरतो, ज्याच्या नावावर शेअर सर्टिफिकेट नाही आणि जो मेंटेनन्सही भरत नाही. बी विंगच्या लॉबीतला आपला गोल्डफिश!

मागच्या वर्षी एक भाडेकरू कुटुंब घर सोडून गेले आणि चार लिटरच्या काचेच्या भांड्यातला हा मासा वॉचमनच्या केबिनमध्येच राहिला. पाणी हिरवट झालेले, मासा वर येऊन सारखा तोंड उघडझाप करतोय. मी तो घरी नेला. वयाच्या 72 व्या वर्षी माझा हा पहिलाच पाळीव प्राणी.

जो तो सांगू लागला, "काका, सगळं पाणी फेकून द्या, भांडं साबणानं घासा." ॲक्वेरियमच्या दुकानदाराने मात्र बजावले, "असं केलंत तर मासा गेलाच समजा." कारण साधे आहे. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो. जुन्या पाण्यात आम्लता वाढलेली असते, त्यामुळे त्या अमोनियाचे विष दबून राहते. एकदम ताजे पाणी ओतले की आम्लता घटते आणि तेच विष उसळते. आम्हा बँकवाल्यांना हे लगेच पटते. थकलेले कर्ज एकरकमी वसूल करायला गेलो तर कर्जदारच बुडतो. हप्तेच बांधून द्यावे लागतात.

मग हप्ते सुरू केले. रोज अर्धा लिटर पाणी काढायचे आणि तेवढेच ताजे घालायचे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून ते बादलीत एक दिवस उघडे ठेवायचे. घाई असेल तर अँटीक्लोरचे थेंब टाकायचे. छोटा एअर पंप लावला. खाणे अगदी चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल इतकेच. गोल्डफिशला जठर नसते, त्यामुळे जास्त खाणे त्याला बाधते आणि उरलेले पाण्यात कुजते.

दरम्यान 80 लिटरची टाकी तयार केली. दुकानदाराने आपल्या चालू फिल्टरमधला स्पंजचा तुकडा दिला. त्या स्पंजमध्ये अमोनिया पचवणारे उपयोगी जीवाणू असतात. म्हणून फिल्टर कधीही नळाखाली धुवायचा नाही, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने पिळायचा. दुसऱ्या आठवड्यात माशाच्या भांड्यात थोडे थोडे टाकीतले पाणी मिसळत त्याला नव्या घरी नेले. आता दर रविवारी 20 लिटर पाणी बदलतो. टाकी लॉबीत आहे आणि खाणे घालायची पाळी मुलांनी वाटून घेतली आहे. रविवारी माशाचा उपवास. हा नियम मुले माझ्यापेक्षा कडक पाळतात.

"भांडं लहान असलं की मासा लहानच राहतो," असे पुष्कळांना वाटते. तो लहान राहत नाही, तो खुरटतो. नीट सांभाळला तर गोल्डफिश दहा वर्षांहून अधिक जगतो. बाळांनो, आज पहिलीत असणारा दहावी पास होईपर्यंत तो तुमची सोबत करू शकतो!

म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त तीन विनंत्या. वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून पिशवीतला मासा देऊ नका. ज्याने मागितला नाही, त्याच्या घरी तो आठवडाभरही टिकत नाही. गावी जाताना किंवा घर सोडताना मासा कुणाच्या तरी हाती रीतसर सोपवा. आणि सांभाळणे जमत नसेल तर पुण्य म्हणून तळ्यात किंवा विहिरीत सोडू नका. तिथल्या माशांना त्याचा त्रास होतो.

मासा ओरडत नाही, दार वाजवत नाही, सेक्रेटरींकडे तक्रार अर्ज देत नाही. आपल्या इमारतीत अशी न बोलणारी माणसेही आहेत, बहुतेक माझ्याच वयाची. लॉबीतल्या टाकीकडे रोज बघता, तसे त्यांच्या दाराकडेही बघत जा.